सहाशे अकरावा तास

स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ
सोळा पिनांचं तोंड असतं.
चाचपून केबल खोचली.
लॅपटॉप बॉनेटवर नाही, खोक्यावर ठेवला,
पिवळ्या रंगाला ओरखडा नको.

पलीकडे दारूखान्यात जहाज कापतायत.
त्या दणदणाटात
इंजिन काही बोललं तरी ऐकू येणार नाही.
उस्ताद मकबूल लांब स्क्रूड्रायव्हर
कानाला लावायचे, डोळे मिटून.
मी आकडे वाचतो.

पाणी नव्वद डिग्री. तेलाचा दाब ठीक.
तिसऱ्या सिलिंडरचा जुना मिसफायर,
तो पुसता येईल.

धुरंधरबाई स्टुलावर, पर्स मांडीवर घट्ट.
"हे असताना कधी साठाच्या वर गेली नाही हो.
गिऱ्हाइकाला तसं सांगा."

मी खाली खाली सरकत गेलो.
सहाशे अकराव्या तासाला
आठ हजार दोनशे फेरे.
चौदा सेकंद.
एकदाच.

पहाटेचा फ्रीवे असेल, नाहीतर वरळी.
केबल जागा सांगत नाही. तारीखही नाही.
शेजारच्या सीटवर कोण होतं,
ते तर नाहीच.

लपवायचं म्हटलं असतं तर जमलं असतं.
स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
चष्मा चढवून त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं
आणि मोजायला लागल्या, पुटपुटत,
एक, दोन, तीन...
पलीकडे अख्खा पत्रा कोसळला,
तरी थांबल्या नाहीत.

चौदा झाल्यावर म्हणाल्या,
"तेवढं पुसू नका.
भाव कमी आला तर येऊ दे."

ते पुसता येतच नाही,
हे मी बोललो नाही.