जिन्याखालचा सतरावा

विगोच्या बंदरामागे, सार्डिनच्या कारखान्यात
सतरा सर्व्हर होते.
एक पगाराचा, एक तेलाच्या पिंपांचा,
एक नुसता लेबलं छापायला.
जिन्याखालचा कशासाठी, ते एलादियोला ठाऊक.
तो निवृत्त होऊन ओरेन्सेकडे द्राक्षं लावतो,
फोन उचलत नाही.

शनिवारी नवं यंत्र आलं,
कपाटाएवढं, काळं.
रात्रभर मी एकेकाला उचलून त्यात ठेवत गेले.
उचलून म्हणजे काय, हात कुठे लागतो!
पडद्यावर हिरवी पट्टी भरत जाते
आणि कोपऱ्यातला एखादा पंखा
सुस्कारा टाकून थांबतो.

आत गेल्याचं त्यांना कळतही नाही.
प्रत्येकाला वाटतं घर आपलंच,
मेमरी आपली, डिस्क आपली.
सोळा पोटभाडेकरू,
कुणाला कुणाचं खोकणं ऐकू येत नाही.

मालक म्हणाले, "बरं झालं, आता एकच सांभाळायचं."
म्हटलं, हो, आणि बसलं तर एकच बसेल.
ते हसले.

सतरावा यादीतच नव्हता.
बंद केला.
कुणी ओरडलं नाही.

सोमवारी दोन वाजले,
भोंगा झाला नाही.
पट्ट्यावरून डबे येत राहिले,
बायका मासे लावत राहिल्या, एक असा, एक तसा.
दोन दहा.
दोन पंचवीस.
शेवटी ओब्दुलियाने कात्री खाली ठेवली:
"माझ्या पोटात कधीचे वाजलेत."
मग सगळ्याच उठल्या.

जिन्याखाली सापडला अकरा ओळींचा प्रोग्राम.
नाताळच्या आदल्या दिवशी भोंगा अर्धा तास आधी,
आणि शेजारी एलादियोची टीप:
वर सांगू नये.
तोही हलवला, टिपेसकट.

भोंगा आता वेळेवर होतो.
पण त्या यंत्राच्या पाठीवर
बायका ओले हातमोजे वाळत घालायच्या,
हे कुठल्या यादीत असणार?
नव्याची खोली कुलपात, अठरा अंशांवर.

"तुझं ते मोठं, तापतं का गं?"
ओब्दुलिया विचारते, बोटं चोळत.
तापतं की.
"मग ती ऊब जाते कुठे?"
छपरावर, नळीतून बाहेर.
थंडीत कुरव पक्षी बसतात तिथे,
पिसं फुगवून, दाटीवाटीने.