सुटली

हेक्सम. चर्चमागचा हॉल. गुरुवार, साडेसहा.
ओल्या तंबूंचा वास,
आणि सामानाच्या खोलीचं दार,
ज्याच्या काचेवर कुणीतरी
दोरीच्या गाठींचा तक्ता चिकटवलाय.
मागच्या गुरुवारी तो तिथे नव्हता.

मी हजेरीची वही सांभाळते, एवढंच.
दिवसा गोळ्या मोजते, संध्याकाळी मुलं.
वर्षातून एकदा प्रशिक्षण:
मोठी माणसं कायम दोन. दार उघडं.
गुपिताचं वचन द्यायचं नाही.
ग्रॅहम माझ्या शेजारीच बसला होता,
सगळ्यात नीट टिपणं त्याची.

ग्रॅहम. तेवीस वर्षं इथे.
माझा बॉयलर बंद पडला त्या जानेवारीत
बर्फातून आला, पैसे घेतले नाहीत.
हे कशाला सांगतेय?
कारण मला आधी आठवलं ते हेच.

डेक्लन, वय नऊ.
सगळी पोरं गेली तरी बुटाची लेस बांधत बसलेला.
बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची.
"तू कुणाला सांगणार नाहीस ना?"
म्हटलं, तसं कबूल नाही करता येणार मला.
पण सांगेन ते फक्त तुला मदत करणाऱ्यांना.
तो गप्प. हीटर टकटक करत गार होत गेला.
गेलं, मला वाटलं, आता नाही बोलणार.
मग म्हणाला, "पण मी शपथ घेतलीय."

साताऱ्यात आम्ही गळ्याला चिमूट लावून
शपथा घालायचो एकमेकींना,
आणि दिवेलागणीआधी कुणीतरी रडवेली व्हायचीच:
सुटली म्हण. म्हण ना गं, सुटली.
म्हटलं की सुटायची.
कुणाची आई मरायची नाही.

ह्याला इंग्रजीत काय म्हणतात?
त्याच्याकडे बघत शोधलं. नाही सापडलं.
म्हटलं, मोठ्यांनी लहानांना घातलेली शपथ
मुळात लागतच नाही. कुणाला काही होत नाही.

मग तो बोलला. अकरा शब्द.
कागदावर तसेच उतरवले, एकही न सुधारता.
इथे नाही लिहिणार. ते त्याचे आहेत.

आई न्यायला आली तेव्हा
एका बुटाची लेस लोंबत होती.
मी वाकले नाही. राहू दे सुटलेली.

फोन करताना हात थरथरला नाही.
घरी, भाताचं पातेलं उतरवताना थरथरला.
घर ऊबदार होतं.
बॉयलर उत्तम चालतोय.