खाच

बाकिझिओच्या दुकानात आधी वास भेटतो:
जळलेल्या शिंगाचा, तेलाचा, ओल्या सहाणेचा.
मग तो दिसतो.
मग, बऱ्याच वेळाने, त्याला आपण दिसतो.

"खिशातला चाकू हवाय," मी म्हटलं. "माझ्यासाठी."
शेवटचा शब्द जरा मोठ्याने गेला.
आमच्या पात्तादात बायका चाकू घेतात ते जावयाला,
सैन्यात निघालेल्या पोराला द्यायला.

त्याने कातडं पसरलं, वर एकेक मिटलेला चाकू मांडला.
काळ्या शिंगाचा.
पांढऱ्या शिंगाचा, मधे धुरकट रेघ असलेला.
एक दक्षिणेकडच्या घडणीचा, पोटाने सुटलेला.
आणि एक बारीक, मेंदीच्या पानासारख्या पात्याचा,
ज्याच्यावर माझा जीव जडला.

उजव्या हातात धरला, डाव्या अंगठ्याचं नख टेकवलं
आणि नख घसरत गेलं गुळगुळीत पोलादावरून,
अंधारात कडी चाचपावी तसं.
खाच पलीकडच्या अंगाला.
पुढच्याचीही. त्याच्या पुढच्याचीही.
चौदा चाकू, चौदाही पाठमोरे.

शाळेत सिस्टर इमाकोलाता माझा डावा हात
एप्रनच्या नाडीने बाकाला बांधायची.
गाठ सैल मारायची, हेही तिच्या बाजूने सांगायला हवं.
त्याच हाताने पुढे अठ्ठेचाळीस वर्षं
मेंढ्या पिळल्या, चीज दाबलं, मेलेली कोकरं ओढून काढली.
क्रूस तेवढा उजव्याने.
घरात तसं कुणी डावललं नाही.
फक्त वडील गेल्यावर त्यांचा चाकू भावाकडे गेला,
कारण चाकू मुलाकडे जातो.

"काही जण उलटा धरून उघडतात," बाकिझिओ म्हणाला,
"पातं पोटाकडे करून."
"पोटावर आधीच नऊ टाके आहेत."
तो हसला नाही. मेंदीचं पान उचलून बोटांवर तोललं.
"एकदा पाणी दिलं की पोलाद कुणाचं ऐकत नाही.
खाच त्याआधी पाडायची असते.
ऑक्टोबरात ये. तुझ्या अंगाची करून ठेवतो."

निघता निघता आठवलं. पिशवीतून दुसरा काढला,
भावाचा, म्हणजे वडिलांचाच. खिळा ढिला झालेला.
"हा दुरुस्तीला. पात्याच्या मागे ओरखडा आहे,
तोही घासून टाक म्हणालाय."

तो खिडकीशी गेला. कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
बाहेर कुणाची तरी गाढवीण ओरडून थांबली,
तरी हा तिथेच.

"घासू नको म्हणावं."
पाठीच्या कडेला, गव्हाच्या दाण्याएवढी,
वाकडी, कानशीच्या कोपऱ्याने
कितीतरी संध्याकाळी खरवडलेली:
खाच.
माझ्या अंगाची.

"धारही बघ. सहाणेवर पातं कुठल्या हाताने फिरतं,
ते लपत नाही. कुठल्या हाताचे होते गोनारिओ?"
"उजव्या," मी म्हटलं.
पेला उजव्यात धरायचे. सही उजव्याने.
एकदा कानाखाली वाजवली होती, तीही.
"आणि मेंढरांमागे?"

नोव्हेंबर ते जून ते खाली सपाटीवर असायचे.
एकट्या माणसाचे हात कोण बघतं?

अंगठा टेकवला. नख बसलं.
पातं उठलं, अक्रोड फुटावा तेवढाच आवाज.

ऑक्टोबरचा विसार दिला, पांढऱ्या शिंगाचा.
खिळा ठोकल्याचे पैसे तो घेईना, तर एक नाणं ठेवलं;
फुकटचं पातं नाती तोडतं म्हणतात.
मग कारंज्याच्या पायरीवर बसून
एक नासपती सोलायला घेतली,
सगळे सोलतात त्याच्या उलट दिशेने.

भावाचा फोन आला. "गेला का ओरखडा?"
"चाकूला वेळ लागेल," म्हटलं.
"किती?"
साल अजून तुटली नव्हती.
"बराच."