आलेखात पाचच घरं

आठ थेंबांपासून सुरुवात.
अर्ध्या तासाने सोळा, मग चोवीस.
मनगटावरचं घड्याळ आणि नळीतला थेंब
यांची सांगड घालत बसायचं,
एकवीस वर्षांपासून माझी रात्रपाळी हीच,
घाटंजीकडच्या या ग्रामीण रुग्णालयात,
जिथे खिडकीबाहेर सागाचं पान पडलं
तरी कुणी चपला घालून आल्यासारखं वाटतं.

हर्षाली टेकाम, वय बावीस, पहिलटकरीण,
तारीख उलटून नऊ दिवस.
कळा येत नव्हत्या, म्हणून आणवायच्या होत्या.
दाराशी सासू, भिवराबाई :
"बाई, थे पाणी जरा जोरानं सोडा ना,
पोरगी कवाची पडून हाय."
बाकावर दुसरी येऊन बसलेली, सात सेंटिमीटर,
आणि टेबल एकच.
मी चाकावर अंगठा ठेवला.
बत्तीस केले.

खोटं कशाला बोलू,
तेव्हा दहा मिनिटांत चार कळा होत्या.
चार पुरतात.
नव्या मुलींना मीच शिकवते हे.

पोटावर हात ठेवला की कळ कळते :
भिजल्या दोरासारखी आवळत जाते, मग सैल पडते.
सैल पडते तेवढ्यात
बाळापर्यंत रक्त पोचतं.
त्या फटीवर जगतं ते.

तीन वाजून दहा.
हाताखालचं पोट सैलच होईना.
एक कळ उतरायच्या आत
दुसरी तिच्या पाठीवर बसलेली.
मोजल्या. सहा.
आलेखात कळांना पाचच घरं असतात,
सहावी कुठे भरू?
"माय व, सोडत नाही, सोडतच नाही,"
हर्षाली म्हणाली,
आणि मग काही म्हणालीच नाही.

डॉपलरमध्ये एकशे चाळीसची टाप,
एकशे दहा,
शहाण्णव,
चौऱ्याऐंशी,
मग नुसती खरखर,
दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेल्या रेडिओची.

चाक बंद. डावी कूस.
साधं सलाइन दुसऱ्या हाताला, भरभर.
ऑक्सिजनची किल्ली इंदूबाईच्या पदराच्या गाठीत,
आणि इंदूबाई गरम पाण्याला गेलेली.
डॉक्टर गजभिये बनियनवरच धावत आले,
अर्धी अँप्युल कातडीखाली दिली.
१०८ ची गाडी पांढरकवड्याला होती.
मग सगळे उभे.
करण्यासारखं काही उरलं नाही की
हात कुठे ठेवावेत हे माणूस विसरतो.

मला झरीची आठवली,
गुलाबी टॉवेलातली ती शांत मुलगी.
तिचं वजन
अजून माझ्या कोपराला ठाऊक आहे.

तीन तेवीस.
चुलीवरून उतरवलेल्या दुधासारखं
पोट खाली बसलं.
अठ्ठ्याण्णव. एकशे सोळा.
इंदूबाई किल्ली घेऊन धापा टाकत आली तेव्हा
एकशे बत्तीस.

पुढच्या कळा आपल्या आपण आल्या,
मधे मधे थांबत, शहाण्यासारख्या.
बाकावरची, कुणाला न विचारता,
कोपऱ्यातल्या खाटेवरच मोकळी झाली.
पावणेसहाला गाडी फाटकाशी लागली,
तोवर हर्षालीच्या बाळाचं डोकं दिसत होतं.

निळसर, ढिली मुलगी.
चाळीस सेकंद पिशवी दाबली.
मग रडली, चिडून.
भिवराबाई म्हणाली,
"आवाज तं माह्या सासूचा हाय."

रजिस्टरात : स्त्री, दोन किलो सहाशे, जिवंत.
तिथे रकाना संपतो.
आलेखाच्या समासात, पाच घरांच्या वर,
मी हाताने एक चौकोन काढला,
काळा भरला,
आणि बाजूला माझं नाव लिहिलं.

हर्षालीला सांगितलं,
"थेंब मी जास्त सोडले होते."
ती पोरीची नखं बघत होती.
"पाणी द्या ना बाई," म्हणाली.
दिलं.
चमच्याने,
मोजत.