बिनतिखट

बाटली आणली मी बिल्बाओच्या बंदरातून,
जहाजाच्या भटारखान्यात, कांद्यांच्या पोत्यात लपवून.
दुकानदारानं बोटांवर मोजून सांगितलं होतं,
दोन वर्षं लाकडात, तीन वर्षं काचेत.
दुधराममामा म्हणाले, "लाकडात? कोन्या लाकडात?"

चाळीस वर्षं आरा मशीनवर गेलेला माणूस.
एक बोट साकोलीच्या आऱ्याला दिलेलं,
उरलेल्या नऊंनी साग, बिजा, हळदू, धावडा
अंधारात ओळखणारा.
ओक, मी म्हटलं.
तो कधी गावात आला नव्हता.

बाटली दिवसभर रांजणाला टेकून उभी.
दिवे लागल्यावर पंचफुलामामीनं स्टीलचे पेले मांडले.
मामांनी आधी बूच हुंगलं, नखानं दाबलं,
"हे साल होय झाडाची."
मग पेला. प्यायले नाहीत.
बराच वेळ नाक आत.

"भाजलं हाये हे लाकूड.
आतून जाळ देल्ला हाये पिंपाले.
नुसतं कापून असा वास नाही येत."
आणि थोड्या वेळानं,
"करवंटी घासल्यावर येते तसा.
अन् मंडईतल्या आईसक्रीमच्या गाडीचा."
लेबल वाचून दाखवणार होतो मी.
राहू दिलं.

पहिल्या घोटात बोरकूट.
मग तेंदूच्या फळीवर उन्हात घातलेली पुडकी,
खिशात विसरलेली बिडी,
नव्या चपलेचं चामडं,
आणि गिळून झाल्यावर
हिरडा चघळल्यासारखं कोरडं.
"जिभेवर कानस फिरते," मामा म्हणाले
आणि दुसरा घोट घेतला,
कानस कोणत्या नंबरची ते पाहायला.

जेवणाचं मात्र चुकलं.
बोडीतले झिंगे मामीनं तेलावर परतले होते.
एक झिंगा, एक घोट,
आणि तोंडात खिळा,
गंजलेला, मोडक्या बैलगाडीचा.
मामांनी पेला सरकवला, झिंग्यांचा मान ठेवला.

मग मटण. बोटभर तर्री,
खसखस, जवस, भिवापुरी मिरची.
पाच वर्षं गप्प बसून जे शिकली होती
त्यातला एक शब्द त्या रश्शात तिला बोलता येईना.
वर आग दुप्पट.
मामीचा भाऊ झिबल, कानापर्यंत लाल,
"यापेक्षा मोहाची बरी, भांडते तरी."

मी खजील. इतक्या लांबून, कांद्यांत.

चुलीच्या कोपऱ्यात जर्मनची वाटी होती.
नातवासाठी, तर्री पडायच्या आधी
उचलून ठेवलेले चार तुकडे,
मीठ, हळद, चरबीची पिवळी साय, एक नळी.
पोरगं न जेवताच निजलं होतं.
मामीनं तुकडे निखाऱ्यावर शेकले
कडा काळ्या होईपर्यंत,
जोडीला रोडग्याचा करपलेला पापुद्रा,
तुपात बुडवून,
वाया जाऊ नये म्हणून.

आणि कानस थांबली.
चरबीनं तिला तेल दिलं
की तिनंच चरबी तासून पातळ केली,
कळेना.
पिंपातला जाळ, चुलीतला जाळ,
एकमेकांच्या घरचं असल्यासारखे बसले.
बोराला गोडी आली.
नळी चोखताना झिबलसुद्धा बोलला नाही.
मामीनं माझ्या पेल्यातला एक घोट
उभ्याउभ्या घेतला,
"लेकराच्या जेवनाची दारू होय हे,"
आणि भांडी गोळा करायला लागली.

रात्रीच बाटली धुऊन मामांनी
त्यात जवसाचं तेल भरलं, पटाशीला लावायला.
तोंडाला चिंधीचा बोळा.
बूच दिलं नाही तिला.
बाजेवर बसून पुन्हा पुन्हा दाबत राहिले,
दाबलं की आत जाई, सोडलं की परत येई.
"त्या झाडाले सावली असते का गा?"

पाच वेळा उतरलोय मी त्या बंदरात.
क्रेन पाहिल्या. दुकानं पाहिली.
झाड पाहिलं नाही.