वाऱ्याकडे पाठ

प्रश्नसंच सावद्याहून आला
केळीच्या खोक्यात, वर गोणपाट घालून.
आधीचा मालक कौस्तुभ बेंडाळे
तीनदा बसला, मग मंडीत ट्रकांचा हिशोब लिहू लागला.
त्याच्या पेन्सिलीच्या खुणा मात्र
अजून परीक्षेला बसलेल्या.

हवामानशास्त्र, बाराशे चाळीस प्रश्न.
प्रत्येकाखाली चार पर्याय
आणि एकावर बारीक खूण, इतकी ठाम
की प्रश्न वाचायची गरज वाटू नये.
मला वाटेनाशी झाली.

अप्पा मालगाडीवर लोको पायलट.
आमच्या चाळीत म्हणतात, फेगड्यांकडे दोन पायलट,
एक रुळावर, एक अजून गादीवर.
खंडव्याहून परतले की डबा न उघडताच बसायचे,
चष्मा कपाळावर, पुस्तक लांब धरून,
इंग्रजी स्टेशनं लागल्यासारखं वाचायचे:
"बाईज... बॅलट. हे मतदानाचं काय व?"
मी म्हणायची, ब.
पुढचा. क. पुढचा. क. पुढचा. अ.
सिग्नलची हाक द्यावी तशी,
त्यांनी म्हणायचं, मी परत म्हणायचं.
आई कळण्याच्या भाकरी थापता थापता
एकदा माझ्याआधी "ड" म्हणाली,
आणि तेच बरोबर होतं.

सत्तर लागतात.
अडुसष्ट आले.

घरी येताना बसमध्ये एकेक प्रश्न आठवत गेला.
संगणकाने पर्याय पिसले होते, ते ठीक.
पण एका जागी प्रश्नच उलटा उभा होता:
वाऱ्याकडे तोंड करून उभे असता
कमी दाब कोणत्या बाजूला?
माझ्या बोटाने डावी दाबली,
बोटाला तेवढंच ठाऊक होतं.

अप्पा काही बोलले नाहीत.
रात्री गच्चीवर पाणी मारलं,
सिमेंट तव्यासारखं चरचरलं.
भुसावळचा मे, दिवसा सेहेचाळीस,
अकरा वाजता गादी अजून तापलेली.
मग अंधारातच म्हणाले,
"उठ. वारा कुठून येऊ ऱ्हायला ते पाय."

मी उठले. ओढणी उडाली ती दीपनगरकडे.
लांब चिमण्यांवरचे लाल दिवे,
त्यांचा धूरही तिकडेच, पुढे पुढे निघालेला.
म्हणजे वारा पश्चिमेचा, जळगावकडून.
मी पाठ केली त्याच्याकडे.
डाव्या हाताला सातपुडा, दिसत नव्हता, पण होता.
त्याच्याही पलीकडे कुठेतरी वाळू तापून तापून
हवा हलकी होऊन वर गेलेली,
आणि तिची रिकामी जागा माझ्या डाव्या कोपराला
थोडीशी कळल्यासारखी झाली.
मी वळले. तोंडावर झळ.
सातपुडा उजवीकडे आला.

एवढंच होतं ते.
दोन महिने मी पाठ करत होते
आणि पाठ केलीच नव्हती.

अप्पा गादीवर आडवे, आकाशाकडे बघत:
"निंभोऱ्याच्या अलीकडे एक वळण आहे.
नवा असिस्टंट होता, हुशार पोरगा.
सिग्नल दिसायच्या आधीच म्हणाला, हिरवा.
होता हिरवाच.
तरी मी त्या रात्री त्याला चहा पाजला नाही."

सकाळी मी खोडरबर आणला.
चार दिवस लागले.
कौस्तुभच्या खुणा गेल्या, वळ राहिले,
पान उजेडाकडे तिरपं धरलं की अजून दिसतात.
काही तर चुकीच्याच होत्या,
बिचारा त्याही तितक्याच जोरात दाबून गेलेला.

आता ऑगस्टची तारीख मिळाली आहे.
अप्पा ड्युटीवरून येतात,
हाताला डिझेलचा वास, तो साबणाने जात नाही.
तो पंजा पर्यायांवर पालथा ठेवतात
आणि फक्त प्रश्न वाचतात, अडखळत:
तापमान वाढल्यास उड्डाणासाठी धावपट्टी...

मी लगेच बोलत नाही.
खाली यार्डात एक मालगाडी
उन्हात जड होऊन
हळूहळू वेग धरते आहे.