कोरडा प्लग

प्लग काढला. कोरडा.
म्हणजे पेट्रोल पोचतच नव्हतं,
आणि मी सकाळपासून बॅटरीला शिव्या घालत होतो.

उद्यमनगरातनं दस्तगीर आला, एम-एटीवरनं.
बोटीकडं न बघता
आधी टाकीचं झाकण हुंगला.
"पावसाळाभर हेच होतं आत?"
होतं.
"मग शिळं झालंय. माणूसबी झाला असता."

एवढी जेट बोट,
अडली कार्बुरेटरच्या जेटमध्ये!
ब्रेकच्या वायरचा एक केस त्यानं
त्या भोकातनं ओवला, फुंकर मारली,
डोळ्याला लावून रंकाळ्यावरचं आभाळ बघितलं.
मलाही दाखवलं:
टाचणीच्या डोक्याएवढा उजेड.

दोरी ओढली. नाही.
पुन्हा. नाही.
"नवं पेट्रोल हाय, वाट सापडू दे त्याला."

तिसऱ्यांदा ते नुसतं खोकलं,
तर संध्यामठावरचे बगळे
भुर्रकन उठले,
माझ्याआधी विश्वास ठेवून.